तीन वर्षांनी परत

देवळाली प्रवऱ्यात गाड्यांविषयी कोणी काही बोललं आणि शांतवन तिथे असला, तर बोलणाऱ्याची धडगत नसे. साखर कारखान्याच्या जीपवर त्याने उभी हयात काढली. साहेब बदलले, जीपही बदलल्या, स्टिअरिंगवर मात्र हाच. निवृत्त झाल्यावर तो ओट्यावर खुर्ची टाकून बसू लागला आणि रस्त्याने उसाचा ट्रक गेला की तिथूनच सांगू लागला, "सेकंडला टाकायला पायजे हुता." ट्रकवाल्याला ते ऐकू जाण्याचा काही संबंध नव्हता. पण सांगितल्याशिवाय याला घास गोड लागत नसे.

बायको मरिया. ती अंगणवाडीत होती, तिलाही आता घरी बसायची सवय लागली होती. आणि मुलगा नोहा. एकुलता एक. पाटाच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर शांतवनने त्याला गाडी शिकवली. शिकवली म्हणजे काय, पोरगं रडकुंडीला येईपर्यंत क्लच सोडायला लावला. तो पुढे इंजिनीअर झाला, पुण्यात काही वर्षं राहिला आणि मग जेनिफरशी लग्न करून कॅनडात विनिपेगला गेला. तिथे इतकी थंडी पडते की शांतवनने बराच काळ त्यावर विश्वासच ठेवला नाही.

नोहा परत यावा, एवढं एकच शांतवनला हवं होतं. म्हातारपणी कोण बघणार वगैरे रडगाणं त्याच्याकडे नव्हतं; हातपाय धड होते, पेन्शन येत होती. त्याला फक्त मुलगा हवा होता. चहा पिताना समोर, आणि गाडीतून जाताना शेजारच्या सीटवर. आता याला कोणी हट्ट म्हणेल तर म्हणो. एकदा त्याने फोनवर सरळ विचारलं होतं, "कायमचा कवा येतो?" नोहा "बघू, पप्पा" म्हणाला आणि पुढचे काही रविवार त्याचा फोनच आला नाही. तेव्हापासून शांतवनने तो प्रश्न गिळून टाकला. पुन्हा म्हणून कधी तोंडातून काढला नाही.

पण मग बोलायचं काय? रविवारी संध्याकाळी फोन यायचा. तिकडे तेव्हा सकाळ असायची. जेवलास का, थंडी काय म्हणते, उपासनेला जाता का. की झालं. "बाकी?" "बाकी काही नाही." आणि फोन मरियाकडे. बाप-लेकांचं प्रेम होतं हो, नव्हतं असं नाही. पण त्याला बोलायला विषय सापडत नव्हता.

तो एका रविवारी सापडला. नोहा म्हणाला, "पप्पा, इलेक्ट्रिक गाडी घ्यायचा विचार आहे."

शांतवन खुर्चीतून पुढे सरकला. "आन् लाईट गेल्यावर?"

"इथं लाईट जात नाही."

"लाईट जात न्हाई आसं कंचं गाव आसतं रं?"

"पप्पा, खरंच जात नाही."

त्या दिवशी फोन मरियाकडे गेलाच नाही. आवाज नसलेली गाडी म्हणजे गाडीच नव्हे, इंजिन बोललं पाहिजे, आजारी पडलं तर आधी आवाजावरून कळलं पाहिजे, असं बरंच काही शांतवन बोलला. नोहा पेट्रोलचा भाव, धुराचा त्रास, देखभालीची कटकट सांगत राहिला. पुढच्या रविवारी शांतवन तयारी करून बसला. "थंडीत बॅटरी आखडती म्हनं. मोबाईलवर बघितलं म्या. निम्म्यातच गाडी बसती."

"निम्म्यात नाही, पण थोडी कमी पळते. पण पप्पा, इथं पेट्रोलच्या गाडीलासुद्धा हिवाळ्यात रात्रभर प्लग लावून ठेवतात. इंजिन गोठू नये म्हणून."

"पेट्रोलच्या गाडीला? प्लग?" शांतवनला हे इतकं नवल वाटलं की त्याने दुसऱ्या दिवशी ते अर्ध्या गावाला सांगितलं. अर्ध्या गावाने तो थापा मारतोय असं ठरवलं.

असे कितीतरी रविवार गेले. मरिया स्वयंपाकघरातून ऐकायची आणि गालात हसायची. ज्या घरात "बाकी?"च्या पुढे बोलणं सरकत नव्हतं, त्या घरात आता हमरीतुमरी चालली होती. आणि या सगळ्यात शांतवनच्या पोटात जे होतं ते त्याने फक्त एकदाच, आडवळणाने बाहेर काढलं. "हे बघ, घ्यायची तर घे. पन एवढी महागाची वस्तू इकत घेऊन बसलास, तर तिथून निघताना तिचं करनार काय?"

"म्हणून तर लीजवर घेणार," नोहा म्हणाला. "नवीनच तंत्र आहे, कुणी सांगावं. तीन वर्षं लीज, आणि मग परत."

शांतवनने कान टवकारले. "परत?"

"हो, परत."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय, पप्पा. तीन वर्षांनी परत."

आपल्या भाषेत हा एक शब्द मोठा गमतीचा आहे. परत म्हटलं की वस्तूही जाते आणि माणूसही येतं. कोण ते नीट सांगायची गरज बोलणाऱ्याला वाटत नाही. नोहा गाडीचं बोलत होता. शांतवनने मुलाचं ऐकलं. आणि पुन्हा नीट विचारायची त्याची छाती नव्हती, कारण एकदा विचारून त्याने हात पोळून घेतले होते. पोरगा आपणहून बोलला, हेच त्याला पुष्कळ होतं. उगीच खोदून विचारलं आणि तो बिथरला तर?

त्या दिवसापासून शांतवनने टोपी फिरवली. जन्मभर डिझेलवर पोसलेला हा माणूस इलेक्ट्रिक गाडीचे गोडवे गाऊ लागला. तिकडे जेनिफरचं मन जुन्या पेट्रोल व्हॅनवर बसलं होतं: विकत घ्यायची, मुलं, सामान, सगळं मावलं पाहिजे आणि दहा वर्षं बघायला नको. दहा वर्षं म्हटल्यावर पोरगा कसला परत येतो! तो सुनेला फोनवर म्हणाला, "जुनी गाडी घेऊ नकोस, पोरी. जुनी गाडी म्हंजे दुसऱ्याचं आजारपन. ही लीजवर घ्या. वापरून बघा, मंग काय ते ठरवा." सून सासऱ्याचा मान राखणारी होती. शेवटी इलेक्ट्रिक गाडी आली, लीजवर, तीन वर्षांसाठी. शांतवन वाद जिंकला.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला उपकारस्तुती सांगायची आहे का? एरवी शांतवन मागच्या बाकावर घड्याळ बघत बसायचा. त्या दिवशी तो उठला. घसा साफ केला आणि म्हणाला, "परमेश्वराचे आभार. आमचा नोहा तीन वर्षांनी परत येतोय. त्याच्याच तोंडून ऐकलं." लोकांनी आमेन म्हटलं. बायकांनी मरियाकडे वळून बघितलं. मरिया खाली बघत होती. शांतवनला वाटलं, आनंदाने.

बिभीषण हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त, ऊस करणारा. त्याला हे काही पटलं नाही. ओट्यावर चहा पिताना तो म्हणाला, "लीज म्हंजे आपला खंडच की रं. आमच्या आज्यानं जमीन खंडानं दिल्ती. मुदत लिवल्याली हुती. आजा गेला, बाप गेला, मला चष्मा लागला तवा कुठं जमीन आली."

"ती जमीन. ही गाडी हाय. आन् मी गाडीचं कुठं बोलतोय? पोरगा येतोय."

"लीज गाडीची हाय न्हवं?"

"मंग गाडी सुटली म्हंजे पोरगा सुटला. तिथं गाडीबिगर मानूस भाजी आनू शकत न्हाई, म्हाईत हाय का तुला?"

बिभीषणने बशी तोंडाला लावली. दोस्ताला असा फुललेला त्याने फार वर्षांत पाहिला नव्हता.

शांतवन कामाला लागला. मागच्या खोलीत जुन्या पेट्या आणि गव्हाच्या कोठ्या होत्या, त्या त्याने हलवल्या. फरशी उखडून नवी घातली. भिंतींना रंग कोणता यावर आठवडाभर खल झाला आणि शेवटी मरिया म्हणाली तो फिका निळा आला. तिकडेच जन्मलेल्या नातीला उकिडवं बसायला जमणार नाही म्हणून बाथरूमला कमोड बसवला. नोहाला नोकरी कुठे मिळेल याचाही विचार त्याने करून ठेवला होता. नगरच्या एमआयडीसीत दोघा-तिघांना बोलून ठेवलं, आणि त्यांनी "आला की पाठवा" म्हटलं. लोक काय, म्हणतातच. दारातला बोळ गाडी आत यायला अरुंद पडेल म्हणून त्याने कुंपणाची एक बाजू पाडली. भिंतीवर चार्जिंगसाठी जाड वायरचा पॉईंट काढून घेतला. वायरमनने विचारलं, गाडी कुठाय? शांतवन म्हणाला, "येतीय."

रविवारचे वाद चालूच होते, पण या तयारीचं अवाक्षर शांतवनने फोनवर काढलं नाही; पोरगा बिथरायला नको. तिकडच्या हिवाळ्यात गाडी किती पळाली, चार्ज व्हायला किती वेळ लागला, सगळं शांतवन विचारून घ्यायचा. नोहाला वाटायचं, वडिलांना गाडीची किती ओढ! एकदा तो जेनिफरला म्हणालाही, की या गाडीमुळे पप्पा जवळ आले.

आणि तिसरं वर्ष सरलं. त्या रविवारी शांतवन नवा शर्ट घालून फोनपुढे बसला. नोहाने व्हिडिओ लावला. तो बाहेर उभा होता, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"पप्पा, तुम्ही जिंकलात. मी मान्य करतो."

"काय जिंकलो?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, आधी लीजवर घ्या, वापरून बघा, मग ठरवा. गाडी एक नंबर निघाली. लीज संपली, परत करायची होती, पण आम्ही तीच विकत घेऊन टाकली. आणि हे बघा." त्याने फोन फिरवला. एक लाकडी घर, पुढे गॅरेज, गॅरेजच्या भिंतीवर पांढरी पेटी आणि तिच्यातून निघालेली केबल. "अपार्टमेंटमध्ये चार्जर लावू देत नव्हते. म्हटलं, आता गाडी आपलीच होणार आहे, तर घरही आपलंच घेऊ. मागच्या महिन्यात घेतलं. तुम्हाला सरप्राईज द्यायचं होतं."

शांतवन त्या पेटीकडे बघत राहिला. आपणच पोराला घर घेऊन दिलं, हे त्याला हळूहळू उमगत गेलं. डिझेलवर अडून बसलो असतो तर निदान एवढं झालं नसतं. जुनी व्हॅन आली असती, दहा वर्षांनी मोडली असती, आणि कुणास ठाऊक, त्या मोडक्या व्हॅनपाशी उभं राहून पोराला घर आठवलं असतं.

"केबल भिंतीला घासतीय," तो म्हणाला. "क्लिप मारून घे."

"मारतो. पप्पा, खूश ना?"

"लई खूश."

त्याने फोन ठेवला. मरिया तांदूळ निवडत होती. तिने काही विचारलं नाही, आणि तिने विचारलं नाही हेच शांतवनला खटकलं.

"तुला म्हाईत हुतं?" तो म्हणाला.

मरियाचे हात थांबले. "घराचं न्हाई. पन परत म्हंजे गाडी परत, ते म्हाईत हुतं. मी जेनिफरला दुसऱ्याच दिवशी इचारलं."

"आन् तीन वर्सं गप बसलीस?"

"सांगनारच हुते. तर तुमी चर्चमधी उभं ऱ्हायलात. घरी येताना गानं म्हनत हुतात. मंग न्हाई झालं माझ्याच्यानं."

शांतवनला आधी संतापच आला. चारचौघांत आपली शोभा झाली, बिभीषणसुद्धा शहाणा ठरला, आणि ही घरात मूग गिळून बसली! त्याने आवाज चढवायला तोंड उघडलंही. पण समोर ती तांदळाच्या ताटावर हात ठेवून बसली होती, आणि मागच्या खोलीचं दार उघडं होतं. कोठ्या हलवताना दुसऱ्या बाजूने तिनेच हात लावला होता. भिंतींचा निळा रंग तिनेच निवडला होता. तीन वर्षं हा माणूस पोरगा येणार म्हणून घरभर नाचत होता, आणि पोरगा येणार नाही हे पोटात ठेवून ती त्याच घरात एकटी वावरत होती. तिला रडायचीही सोय नव्हती. रडली असती, तर याने कारण विचारलं असतं.

शांतवन उठला आणि तिच्याजवळ जमिनीवर बसला. गुडघे दुखले, पण बसला.

"मंग आता रड की," तो म्हणाला.

मरियाने ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"आता येत न्हाई वो," ती म्हणाली.