नवरीची साडी अटकेत

समस्त आप्तेष्टांना अत्यंत गंभीरपणे कळवणं भाग आहे की, माझ्या भाचीच्या लग्नाच्या दिवशी परभणीच्या भर बाजारातून माझी गाडी उचलून नेण्यात आली आणि तिच्या मागच्या सीटवर ठेवलेली नवरीची पिवळी साडीही अटकेत गेली.

मी सख्खा मामा. आमच्यात मामाची साडी नेसल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही. लग्न मानवतला आणि आम्ही नवरा-बायको अजून परभणीत. फेटा बांधून घ्यायला दुकानात शिरलो, एवढाच आमचा गुन्हा. बाहेर आलो तर गाडीच्या जागी गाय रवंथ करत बसलेली. तिला कुणी उचललं नव्हतं.

रिक्षा करून उचललेल्या गाड्यांच्या आवारात पोचलो.

"काका, नो पार्किंगमधी लावली हुती," हवालदार म्हणाला. "दंड भरा अन् न्या."

"तिथं बोर्डच न्हाई. न्हाई भरत!"

"अहो, भरा की," बायको कळवळली. "पोरगी तिकडं साडीवाचून खोळंबलीय."

पण डोक्यावर केशरी फेटा चढलेला असताना माघार कशी घ्यायची? "बोर्ड दाखवा," मी गरजलो. "दिसला तर दुप्पट भरतो!"

हवालदारालाही चेव आला. साडीच्या पहाऱ्याला बायको थांबली आणि मला मोटारसायकलवर मागे बसवून तो बाजारात आला. खांबावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं भलंमोठं बॅनर. हात जोडून हसणारे साहेब, भोवती शुभेच्छुकांची दाटी.

"बोर्ड याच्या मागं हाय," हवालदार हळूच म्हणाला.

"मग काढा की! माझी गाडी उचलता, हे का न्हाई उचलत? क्रेन तर हायच तुमच्याकडं!"

"तसं नस्तंय काका..."

तोवर लोक जमले होते. प्रेक्षक दिसले की मला राहवत नाही. फेटेवाल्याचं स्टूल ओढून त्यावर चढलो आणि सगळ्यांना वाकून नमस्कार केला. "मंडळी, आता कायद्याचं मुखदर्शन घ्या!" म्हणत बॅनरची एक दोरी सोडली. साहेबांचा अर्धा चेहरा दुमडून खाली लोंबला. मी दुसऱ्या दोरीला हात घातला, तशी हवालदाराने माझ्या दोन्ही पायांना मिठी मारली आणि भर चौकात ओरडला,

"गाडी न्या काका, दंडबिंड काय नको, पण सायबाला खाली उतरवू नका!"