पेनानं उडवलेला दीड तास

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. विमान हवेत का टिकतं, हे पोरांना फळ्यावर शिकवणारा माणूस मी... पण हे आता पोटात ठेववत नाही.

चिकलठाण्याच्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये मी इन्स्ट्रक्टर होतो. लायसन्ससाठी पोरांना दोनशे तास उडावं लागतं. थोडे कमी पडले की काही इन्स्ट्रक्टर ते नुसते वहीत लिहितात. आमच्यात त्याला पेनानं उडवलेले तास म्हणतात. मीही लिहायचो.

प्रज्ञाचे दीड तास कमी होते. वडील वाळूजला शिफ्टमध्ये कामाला, पोरगी हुशार. लायसन्सचे कागद दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दिले नाहीत तर एअरलाइनची भरती हुकणार होती आणि चार दिवस धुरक्यामुळे उड्डाणं बंद. ती नको म्हणत होती. सगळेच करतात, म्हणून मीच समजावलं. तिच्या वहीत दीड तास लिहिला, विमानाच्या वहीत इंजिनाचे तास मोजणाऱ्या मीटरचा आकडा दीडनं वाढवला. मग खरा आकडा किती, ते बघायला हँगरमधल्या विमानात जाऊन बसलो. सव्वादोन वाजले होते. दार ओढून घेतलं.

ते परत उघडेना. दुसरं दारही उघडेना, खिडकीही उघडेना. फोन ऑफिसात. दहा पावलांवर आमचा मेकॅनिक रहीमभाई प्लग पुसत बसलेला. मी काच बडवली, ओरडलो. त्यानं मान वर केली नाही. हात तसाच, त्याच प्लगवर... हलतच नव्हता. आत हवा जड झाली, शर्ट पाठीला चिकटला. समोर मीटर. इंजिन चालू असेल तरच फिरणारं ते मीटर, बंद इंजिनावर फिरत होतं. नंतर मी बडवणं सोडलं आणि नुसता आकड्याकडं बघत बसलो.

मी लिहिलेल्या आकड्यावर मीटर थांबलं आणि दार आपोआप सुटलं. माझ्या मनगटावर पावणेचार. हँगरच्या भिंतीवर सव्वादोन.

रहीमभाई हसला. "क्या सर, अब्बी तो बैठे थे. गरमी लगी क्या?"

मी इंजिनावर हात ठेवला. गार होतं.

दोन्ही वह्यांतल्या नोंदी मी खोडल्या आणि प्रज्ञाला बोलावून सांगितलं. धुरकं हटलं नाही, तर तिची संधी जाणार होती. 

"सर, मला तो तास नकोच होता," ती म्हणाली. "तुम्ही लई समजावलं म्हणून व्हय म्हटलं."

सकाळी आभाळ मोकळं झालं. ती त्याच विमानात एकटी दीड तास उडाली, मी खाली उभा राहून बघितलं. उतरल्यावर मीटर पाहिलं, तर आकडा कालचाच. दशांशानंही हलला नव्हता... जणू तो दीड तास आधीच मोजून झाला होता. रहीमभाईनं मीटर खोलून बघितलं, दोष सापडला नाही. पुढच्या उड्डाणाला ते नीट फिरलं.

प्रज्ञा वेळेत कागद देऊन आली. आज ती एअरलाइनमध्ये आहे, खऱ्या तासांवर. मी ती नोकरी सोडली, कारण मात्र कुणाला सांगितलं नाही. त्या दुपारी काय झालं, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

तिच्याआधी नऊ पोरांच्या वहीत मी असे तास लिहिलेत. सगळे मिळून एकेचाळीस. त्यातला एकही मी खोडला नाही... ती पोरं आज माणसं घेऊन उडतात.

मी गाडीत बसलो की काच चार बोटं खाली ठेवतो. मे महिन्यातसुद्धा. बायको विचारते, एसी चालू असताना हे काय? मी म्हणतो, राहू दे.