चंपत भाऊजींची टोपली

चंपत भाऊजी म्हंजे माझे धाकटे दीर. राहतात प्रताप नगरात, पण जीव अजून हातमागावर. घरचा माग मोडला तशी गांधीबागेत कापडाच्या दुकानात नोकरी केली. रिटायर झाले अन् कॉम्प्युटरवर लुगड्याचे काठ काढाले बसले. आमचे सासरे विणत ते करवती काठ, आठवून आठवून, एकेक चौकट भरून. पुरा झाला की उमरेडचे विणकर नेतात. मी म्हणायची, "भाऊजी, बायकोकडे कधी इतकं पाह्यलं नाही." नुसते हसत.

आता आम्हा कोष्ट्यांच्या घरी तुटला धागा फेकत नाही. मागाखालच्या टोपलीत टाकायचा, लागला की काढायचा. भाऊजींले कॉम्प्युटरवर टोपलीचं चित्र दिसलं. झालं. अर्धे राह्यलेले सारे काठ तिथंच. आठवलं की काढत, दोन चौकटी भरत, परत टाकत. इतकी वर्षं काही बिघडलं नाही.

परवा पुण्याहून भाऊजींची लेक ऋतुजा अन् जवाई आले, अभिजीत. कॉम्प्युटर अडकून राहिला होता, जागा संपली म्हणे. जागा खाल्ली कोणी? यांच्याच लग्नाच्या शूटिंगनं, तेही तीन-तीनदा. त्याले हात नाही लावला. टोपली रिकामी केली अन् वरून मले सांगतात, "मोठी आई, पाहा, कसा हलका झाला."

भाऊजींनी येऊन टोपली उघडली, तर आत काही नाही.

"बाबा, कचऱ्यात कोणी काम ठेवते का?" जवाई म्हणाले.

"कचरा कोणाले म्हणून राहिले, जवाईबापू?" मी म्हटलं. "दुसऱ्याच्या घरची टोपली न विचारता उलटी करता, अन् स्वतःची वरात तीनदा ठेवता?"

ऋतुजा मधात आली. "मोठी आई, जवाई आहे तो."

"म्हणूनच तर मी 'तुम्ही' म्हणून राहिली वं."

सदर भागातल्या दुरुस्तीच्या दुकानात कॉम्प्युटरचा डबा नेला, पुसलेलं परत निघते का पाहाले. दुकानवाल्यानं खूप खटपट केली अन् मान हलवली. एक काठ निघाला नाही. अन् भाऊजी जवाईले म्हणतात, "जाऊ द्या, चुकून झालं." वरून चहा पाजला. काहून जाऊ द्या? सासरे गेले, माग गेला, डोक्यात उरलं तेवढं माणसानं उतरवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी पहिल्या चौकटीपासून बसले. मी जवाईबापूंले पुण्याचं तिकीट रद्द कराले लावलं अन् बाजूच्या खुर्चीत बसवलं. भाऊजी डोळे मिटून सांगतात, जवाई चौकटी भरतात. चुकले की भाऊजी म्हणतात, "असू द्या."

मी म्हणते, "असू नका देऊ. खोडा."