कापूस गेल्यावरचा जिना

केदारखेड्यात बद्रीनाथच्या घराला जिना आहे, वर खोली नाही. जिना चढून गेलं की सरळ गच्ची, आणि गच्चीवर पुढेमागे कधीतरी बांधायच्या खोल्यांच्या गंजक्या सळया. अशी घरं आपल्याकडे पैशाला पासरी. स्लॅब पडला की माणसाला वाटतं, आता वरचा मजला काय, दोन सालात उठतोय. म्हणून जिना आधीच बांधून ठेवायचा. कठडा मात्र वरच्या मजल्याबरोबर. आत्ताच कठडा लावणं म्हणजे लगीन ठरायच्या आधी बारशाचं आवतण देणं, असं बद्रीनाथ म्हणायचा आणि स्वतःच्या विनोदाला सगळ्यांच्या आधी हसायचा.

हसण्यात त्याचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते म्हणतात. बद्रीनाथ मारुतीच्या पारावर बसला की ती उधारीवर न देता रोखीत विकायचा. माणूस कष्टाळू, घर खाऊनपिऊन सुखी. मुलगा सोमेश्वर जालन्याला सळयांच्या कारखान्यात, सुटीला घरी यायचा. सून आकांक्षा, बायको उषाबाई आणि सगळ्यांच्या वरचा मालक म्हणजे नातू हरिओम.

हरिओम रांगायला लागला तशी आकांक्षाने जिन्याची धास्ती घेतली. जिन्याची एक बाजू भिंतीला, दुसरी उघडी, बैठकीच्या खोलीत. तिने खालच्या पायरीला आडवी फळी लावली आणि फळीला बाज टेकवली. पोरगं फळीला धरून उभं राहायचं आणि वर बघून ओरडायचं. "मामा, कठड्याचं तेवढं बघा ना," ती म्हणायची. सासऱ्याला ती मामा म्हणायची.

"करू की. आधी कापूस तर निघू दे."

कापूस निघाला. त्या साली बरा निघाला, पण भाव पडलेला. मग सगळ्यांनी केलं तेच बद्रीनाथने केलं, कापूस घरात भरून ठेवला. बैठकीच्या खोलीत ढीग लागला, वाढत वाढत जिन्याच्या उघड्या बाजूला भिडला आणि अर्ध्या जिन्याच्या वर गेला. बाज ठेवायला जागा उरली नाही, ती ओट्यावर गेली. फळीही कुणीतरी काढून ढिगाला टेका म्हणून लावली. आणि कोणालाच काही वाटलं नाही, कारण आता भीती कसली? "पडला तरी कापसातच पडंल," उषाबाई म्हणाली. आकांक्षालाही ते पटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती पाठ वळवून भाकरी करू लागली.

या घरात अडाणी कोणी नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. लेकरावर जीव नाही असंही कोणी नव्हतं. उलट जीव फार होता आणि सगळं त्यातूनच झालं.

संध्याकाळी बद्रीनाथ शेतातून आला की नातवाला पायरीवर उभा करायचा, स्वतः ढिगापलीकडे उभा राहायचा आणि दोन्ही हात पसरून म्हणायचा, "हं, टाक उडी!" पहिल्या वेळी पोरगं रडलं. दुसऱ्या वेळी पडलं की उडी मारली ते कळलं नाही. आठवड्याभरात ते आपणहून एकेक पायरी वर सरकू लागलं. धप्पकन कापसात जायचं, बुडायचं, आणि तोंडात, नाकात, जावळात बोंडाचा कचरा घेऊन खिदळत वर यायचं. शेजारपाजारचे बघायला येऊ लागले. आकांक्षा पदर तोंडाला लावून हसायची. उषाबाई रात्री त्याच्या केसांतला कापूस वेचता वेचता नवऱ्याला शिव्या द्यायची, त्याही कौतुकाच्याच. "भित्रं न्हाई माझं लेकरू," बद्रीनाथ पारावर सांगायचा, "माझ्यावर गेलंय."

मग भाव चढला. भोकरदनचा याकूब वर्षानुवर्षं त्यांचा कापूस घ्यायचा. तो सकाळीच पिकअप घेऊन आला. "माल बराबर सुका हाय, पाटील. जल्दी भरून टाकू, ऊन चढायच्या आत," तो म्हणाला. गडी लागले आणि दुपार व्हायच्या आत खोली रिकामी झाली. उषाबाईने खोली झाडली आणि पाणी टाकून फरशी पुसून काढली. इतक्या महिन्यांनी खोली दिसली म्हणून तिला बरं वाटलं. बद्रीनाथ बाहेर काट्यापाशी याकूबशी घासाघीस करत होता आणि नेहमीसारखा हसत होता. आकांक्षा गड्यांसाठी चहा गाळत होती. फळी ओट्यावर पडली होती. ती परत जागेवर लावायची असते, हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही. कापूस विकला एवढंच सगळ्यांना कळत होतं. त्याच्याबरोबर जिन्याचा कठडा आणि खालची गादी दोन्ही गाडीत चढली, हे कोणाला कळलं नाही.

हरिओम मागच्या दाराने आत आला आणि जिना चढला. रोज चढायचा तेवढाच. खाली कापूस नाही हे त्याला दिसलं नसेल का? दिसलं असेल. पण उडी आणि कापूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कोणी सांगितलं होतं?

बाहेर आवाज आला तो काही फार मोठा नव्हता. भोकरदनच्या दवाखान्यात पुढे न्या म्हणाले. पुढे नेता नेता वाटेतच सगळं संपलं.

त्यानंतर बद्रीनाथचं काय झालं ते सांगायला गेलं तर सांगण्यासारखं काही नाही. तो वेडा झाला नाही, आजारी पडला नाही. दिलं तर जेवायचा. चहाचा कप हातात दिला तर साय धरेपर्यंत तसाच धरून बसायचा, मग कोणी म्हटलं की प्यायचा. पाराकडे जायचं बंद झालं. बैलांना पाणी दाखवायचा, शेतात जायचा, यायचा. दहाव्याला भाऊबंद जमले तेव्हा तो रडला नाही म्हणून बायका आपसात कुजबुजल्या. रडायला येत नव्हतं त्याला तो काय करणार? हात मुंग्या येऊन बधिर होतो ना, तसा तो अख्खाच झाला होता. चिमटा काढला असता तरी कळलं नसतं.

एक गोष्ट मात्र त्याला कळत होती. तो वाट बघत होता. दारात येणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, नशीब. म्हणायचा, देवाची मर्जी, त्याला काय इलाज. याकूब आला, डोक्यावर रुमाल टाकून बसला आणि गेला. उषाबाई स्वतःला बोल लावायची, मीच फरशी पुसली, मीच फळी नाही लावली. सोमेश्वर जिन्याला बोल लावायचा. जे बोलायला पाहिजे ते कोणी बोलत नव्हतं. सगळ्यांनी बघितलेलं होतं, सगळे हसलेले होते, आणि आता सगळे त्या खेळाच्या बाजूने चालताना अंग चोरत होते. बद्रीनाथला वाटायचं, कोणीतरी एकदा म्हणेल आणि मग काहीतरी होईल. काय होईल ते त्याला माहीत नव्हतं.

कठडा झाला. भोकरदनचा वेल्डर इमरान येऊन माप घेऊन गेला. उभ्या सळया अशा जवळ जवळ, की लेकराचं डोकं मध्ये जाऊ नये. जिन्याच्या खाली एक फाटक, वर एक फाटक, दोन्हींना वरून लागणारी कडी. काम संपल्यावर इमरानने फाटक हलवून दाखवलं, "बिलकुल हालत न्हाई, चाचा."

"बैल गेला अन् झोपा केला," बद्रीनाथ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता की दुःख नव्हतं. कुठे बघावं ते इमरानला कळेना. तो हत्यारं गोळा करू लागला.

कापूस लावणं बद्रीनाथने सोडलं. त्या रानात मिरची लावली.

आकांक्षाला पुन्हा दिवस गेले आणि ती बाळंतपणाला माहेरी, पिंपळगाव रेणुकाईला गेली. मुलगी झाली. अर्पिता नाव ठेवलं. सव्वा महिना झाला, तीन महिने झाले, सहा झाले, तरी ती येईना. सोमेश्वर तिकडेच जाऊन भेटून यायचा. "येती का न्हाई ती?" उषाबाई विचारायची. "आई, तिला ह्या घरात लेकरू आणायचं भ्या वाटून राह्यलं," सोमेश्वर एकदा म्हणाला. बद्रीनाथने ते ऐकलं आणि उठून दोन्ही फाटकांच्या कड्या लागल्यात का ते बघून आला. आकांक्षा आली नाही तर हे घर इथेच संपलं, एवढं त्यालाही समजत होतं. पण तिला बोलवायला जायचं तर तोंड कुठलं न्यायचं?

ती आली. कोणी आणायला गेलं नव्हतं. पोरगी रांगत होती, धरून उभी राहत होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. बद्रीनाथ तर ताकाच्या वाटेलाच जाईना. त्याने अर्पिताला एकदाही उचललं नाही. ती रांगत त्याच्याकडे आली की तो उठायचा. ताटही ओट्यावर मागून घ्यायचा. पोरगी फाटकाच्या सळया धरून खडखड करायची, तेव्हा तो बाहेर जायचा आणि आवाज थांबेपर्यंत आत यायचा नाही. उषाबाईने एक-दोनदा नात त्याच्या मांडीवर टेकवायला बघितली. त्याने हात मागे घेतले. आकांक्षा हे सगळं बघत होती.

मिरची तोडायला बाया लावल्या, त्या दिवसांतली गोष्ट. उषाबाई बहिणीकडे वडीगोद्रीला गेली होती. सकाळी बद्रीनाथ पायात चपला घालत होता, तेवढ्यात आकांक्षा पोरगीला कडेवर घेऊन दारात आली.

"आज बायांमागं मी जाते. तुमी हिच्यापाशी थांबा."

"म्या चाललो की. तू थांब घरी."

"रोज तुमीच जाता."

"मंग शेजारी ठेव तिला. तातेरावाची सून हाये घरी."

"शेजारी का? घरात आजोबा हायेत."

तो चपलेचा अंगठा नीट करत बसला. तो नीटच होता. आकांक्षा समोरून हलली नाही. पोरगीला तिने खाली सोडलं, ती रांगत सरळ जिन्याच्या फाटकाकडे गेली.

"मामा," आकांक्षा म्हणाली, "हरिओमला उडी मारायला तुमी शिकवलं व्हतं."

आवाज चढलेला नव्हता. मीठ संपलंय सांगावं, तसं तिने सांगितलं. बद्रीनाथने मान वर केली. त्याला लागलं. इतके दिवस ज्याची वाट बघत होता ते बरोबर जिथे लागायचं तिथेच लागलं, आणि बधिर हाताला रक्त फिरायला लागलं की जशी आधी कळ येते तशी कळ त्याच्या अंगातून गेली.

"व्हय," तो म्हणाला. "म्या शिकवलं."

"मी बी हसत व्हते. तुमी यायला उशीर केला तर मीच त्याला पायरीवर उभं करायची." तिने फाटकाकडच्या पोरगीकडे बघितलं. "माहेरी मी रोज ठरवायची, जाऊन तुमाला हे म्हनायचं. मंग माझंबी म्हनावं लागंल, म्हनून आलेच न्हाई. लई दिवस आलेच न्हाई."

बद्रीनाथ ओट्यावर बसला आणि रडला. गडी माणसासारखा चोरून नाही, तोंड उघडं टाकून रडला. आकांक्षा उभ्या उभ्या रडली. पोरगी फाटक खडखडवत होती. दोघांपैकी कोणी दुसऱ्याला गप्प केलं नाही.

नंतर आकांक्षाने डोळे पुसले आणि जाऊन फाटकाची कडी काढली. बद्रीनाथ धडपडत उठला. "आगं, काय करून राह्यली?"

"कडी जल्मभर लावता येती का? एक दिवस कुनीतरी उघडी टाकीनच. त्याच्या आधी हिला उतरता आलं पायजे. माहेरी ओट्याच्या पायऱ्यांवर शिकवून राह्यले व्हते. अजून नीट जमत न्हाई. तुमी हिच्या खाली बसा. खालीच, बाजूला न्हाई."

अर्पिता तीन पायऱ्या चढली होती. तिथून ती वळली आणि तोंड खाली करून उतरायला बघू लागली. बद्रीनाथ खालच्या पायरीपाशी गुडघ्यांवर बसला. आकांक्षाने तिला हलकेच फिरवलं, पोटावर पालथं केलं. पोरगीचे दोन इवले पाय हवेत आले. एक पाय खालच्या पायरीला शोधत हलला, सापडेना, पोरगी कुरकुरली. बद्रीनाथने नकळत हात पुढे केला आणि तो पाय तळहातावर घेतला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने नातीला हात लावला होता. तिने बिनधास्त सगळा भार त्याच्या हातावर टाकला.

"हातावर न्हाई, मामा. तिला पायरी सापडू द्या."

त्याने हात हळूहळू खाली नेला, पाऊल पायरीला टेकेपर्यंत, आणि मग काढून घेतला. पण फार लांब नेला नाही, वीतभर खाली धरून ठेवला. पोरगीने दुसरा पाय आणला. मग पुढची पायरी. "पाय आधी, बाय," तो म्हणाला. "पाय आधी. हां. आसं."

खाली पोचल्यावर ती लगेच परत चढायला लागली. बद्रीनाथ तिच्या मागे, एक पायरी खाली, गुडघ्यांवर चढला. आकांक्षाने डोक्याला रुमाल बांधला, पाण्याची कॅन उचलली.

"जाऊ का मी?"

पोरगी वळत होती, तिकडे त्याचं लक्ष होतं.

"जा," तो म्हणाला.

अंगण ओलांडताना ती एकदा तरी वळून बघेल, असं त्याला वाटलं. तिने वळून बघितलं नाही. सरळ शेताच्या वाटेला लागली.