कोऱ्या चिठ्ठीची पुस्तकं

ग्रंथपाल शकुंतला रामटेके मॅडमची आणि माझी ओळख त्यांच्या रागावण्यानं झाली. रायपूरच्या विभागीय ग्रंथालयात मी नुकताच कारकून लागलो होतो. अभनपूरकडून आलेल्या एका आजोबांनी गावाच्या जुन्या जमीन-मोजणीचं पुस्तक मागितलं आणि मी विचारलं, "क्यों चाहिए, बाबा?" मॅडम टेबलामागून उठून आल्या. "वाचकाले कारण विचारायचं नाही, देशमुख. त्याले बसाले खुर्ची द्यायची अन् पुस्तक आणून द्यायचं." पुस्तक त्यांनीच आणलं. गावचं तळं सगळ्यांचं आहे, अशी त्यात नोंद होती. आजोबांनी ती दुपारभर बसून उतरवून घेतली.

अशी संदर्भाची पुस्तकं घरी नेता येत नाहीत, तिथंच बसून वाचावी लागतात. म्हणून त्यांच्या मागच्या चिठ्ठीवर घरी नेल्याच्या तारखेचा शिक्का कधीच पडत नाही. हे आमच्या शिपायालाही ठाऊक होतं.

रायपूर राजधानी झालं, कार्यालयांना जागा पुरेना, आणि आमच्या इमारतीवर नजर गेली. हुकूम निघाला: दहा वर्षांत चिठ्ठीवर शिक्का नाही, ते पुस्तक रद्दीत. म्हणजे नेमकी हीच पुस्तकं. याद्या मी केल्या. मला सगळं कळत होतं आणि मी मान खाली घालून लिहीत होतो, हे मॅडमच्या या गौरवग्रंथात छापून यावं.

मॅडम वाचनकक्षाच्या नोंदवह्या घेऊन वरच्या साहेबांकडे गेल्या. "शिक्का नाही साहेब, पण वाचणाऱ्यांच्या सह्या आहेत. पाहा तरी." साहेबांनी वही उघडलीही नाही. "आदेश में रजिस्टर का ज़िक्र नहीं है, मैडम." आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. मॅडम तीन दिवस कपाटांपुढं खुर्ची टाकून बसल्या. अर्धी कपाटं बचावली. बाकीची पुस्तकं तांदळाच्या पोत्यांत भरून गुढियारीच्या रद्दी गोदामात गेली. मोजणीची पुस्तकं त्यातच होती.

पुढं त्याच आजोबांची नात आली. रस्त्यासाठी तळं बुजवायला निघाले होते आणि आजोबांच्या हातचा कागद कोणी मानत नव्हतं. मॅडमनी तिला खुर्ची दिली. आणून द्यायला पुस्तक नव्हतं. तळं बुजलं.

त्या याद्यांबद्दल मॅडम मला कधीच बोलल्या नाहीत. उलट पुस्तकं गेली त्याच आठवड्यात चौबे कॉलोनीतल्या घरी बोलावून जेवू घातलं. "तुले लेकरंबाळं आहेत, समजते मले," एवढंच म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या हुकमाला तेव्हा माना डोलावणारे काही जण आज मॅडमच्या पंचाहत्तरीच्या सत्कार समितीत आहेत. शाल घाला, हार घाला. पण ग्रंथालय कशासाठी असतं यावर कृपा करून भाषण करू नका. ते आजोबांच्या त्या नातीला विचारा.

हा गौरवग्रंथही संदर्भ विभागातच लागेल. कोणाला घरी नेता येणार नाही, चिठ्ठी कोरीच राहील, आणि दहा वर्षांनी माझ्यासारखा एखादा कारकून त्याचं नाव यादीत लिहील. मॅडम, त्या दिवशी तुम्ही धडधाकट असाव्यात, आवाज असाच खणखणीत असावा, आणि कपाटापुढं खुर्ची टाकून बसलेल्या असाव्यात. या वेळी शेजारच्या खुर्चीवर मी असेन.