आप्पांची कटकट

आठवड्यातून तीनदा मी दौंडला डायलिसिसला जातो. यंत्राच्या नळकांड्यात केसासारखे बारीक पोकळ धागे असतात. त्यांच्या पातळ पडद्यातून रक्तातली घाण आणि साठलेलं पाणी पलीकडे झिरपतं. रक्तपेशी मोठ्या, म्हणून त्या अलीकडेच राहतात. हे काम माझ्या मूत्रपिंडांनी सोडून दिलं, तेव्हापासून मला लघवीच होत नाही आणि प्यायला पाणी मिळतं ते घोटाघोटानं.

शेजारच्या खाटेवर वरवंडचे आप्पा असायचे. आम्ही दोघं मिळून तहानेला शिव्या घालायचो. मग त्यांना त्यांच्या बायकोची किडनी बसवली. माझ्या बायकोची जुळली नव्हती.

परवा आप्पा मला बघायला आले. मास्क खाली ओढून त्यांनी माझ्यासमोर पाण्याची अख्खी बाटली घटाघटा रिकामी केली. माझा नुसता जळफळाट झाला. मी तोंड फिरवलं. थोड्या वेळानं ते लगबगीनं उठून बाहेर गेले आणि रुमालाला हात पुसत परत आले.

“सारखं लघवीला पळावं लागतंय,” ते वैतागून म्हणाले, “लई कटकट हाय बघा!”

लोक दुसऱ्याच्या बागायतीवर जळतात. मी त्या कटकटीवर जळलो.