तीन कोटेशन

आमच्या संस्थेतला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सांभाळणारे तंत्रज्ञ दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात माझ्याच ब्लॉकमध्ये राहतात. काहीही विचारा, आधी "बिल्कुल नाही" म्हणतात. चहालाही तसंच म्हणतात आणि मग दोन कप पितात. बंद पडलेलं यंत्र रोज स्वतःच्या रुमालानं पुसतात.

त्या यंत्राचा पंप आठ महिन्यांपूर्वी गेला. खरेदीची फाइल माझ्याकडे आली आणि मी नेहमीचा शेरा मारला : तीन कोटेशन जोडा. ते तणतणत माझ्या टेबलाशी आले.

"अहो, जगात एकच कंपनी हा पंप बनवते यार! बाकीची दोन काय घरी छापू?"

"नियम आहे," मी म्हटलं. आठ महिने मी हेच म्हणत राहिलो.

परवा पाहुणे आले. दिल्ली कशी विज्ञाननगरी झाली आहे, हे त्यांना दाखवायचं होतं. साहेबांनी हुकूम सोडला : पडद्यावर जुना फोटो लावा, यंत्र चालू वाटलं पाहिजे. लाज कशी वाटत नाही या लोकांना!

पाहुण्यांनी कौतुकानं तंत्रज्ञांना विचारलं, "अभी क्या देख रहे हैं?"

"बिल्कुल कुछ नहीं, सर. फोटो पुराना है. मशीन आठ महीने से बंद है."

"क्यों?"

मी मागेच गुच्छ धरून उभा होतो. तंत्रज्ञांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पंप नहीं है," एवढंच म्हणाले आणि रुमाल काढून यंत्र पुसायला लागले.

माझं नाव घ्यायला हवं होतं त्यांनी. निदान त्यांच्यावर तरी चिडता आलं असतं.